गोव्यातली जुनी जर्मन सेडान: मीटर कमी, वय जास्त

जाहिरात साधारण अशी असते. बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरिज, ५३५आय, २०१३ चं मॉडेल, गोवा पासिंग, एकच मालक, मालक डॉक्टर, फक्त ४१ हजार किलोमीटर. किंमत तेरा-चौदा लाख. तेवढ्याच पैशांत शोरूममधून एक बरी छोटी एसयूव्ही येते. इथे तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो लावलेलं ३०६ अश्वशक्तीचं इंजिन मिळतंय. अटल सेतूवरून रात्री मोकळ्या रस्त्याने पर्वरीला जाताना ती कशी पळेल, हे डोळ्यांसमोर यायला वेळ लागत नाही.

पहिली शंका सगळ्यांना एकच येते: मीटर मागे फिरवला असेल का? असू शकतो. पण गोव्यात हा आकडा खराही असू शकतो, कारण राज्यच एवढंसं आहे. पर्वरीला घर, पणजीत दवाखाना, महिन्यातून एकदा मडगावला नातेवाईक. पत्रादेवीच्या सीमेवरून निघालात तर पोळ्याच्या सीमेपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आतच राज्य संपतं. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या महागड्या गाड्या इथे भरपूर आहेत, आणि त्या विकताना तोच आकडा ठळक अक्षरांत लिहिला जातो.

मला वाटतं, गोव्यातला खरा घोळ या खऱ्या आकड्यातच आहे. या गाड्यांच्या मोठ्या दुरुस्त्या जितक्या किलोमीटरवर ठरतात, त्याहून जास्त वर्षांवर ठरतात. रबर, प्लास्टिक, गास्केट, तेल, बॅटरी, टायर ही सगळी मंडळी गाडी उभी असतानाही म्हातारी होतात. दमट, खारट हवेत आणि रोजच्या पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत तर जरा लवकरच. त्यामुळे ४१ हजार चाललेली बारा वर्षांची गाडी ही कमी वापरलेली गाडी नव्हे. ती बारा वर्षांचीच गाडी आहे, आणि तिचे बरेच मूळ भाग अजून बदललेलेच नाहीत. बंगळूर-चेन्नई करत सव्वा लाख पळालेल्या गाडीचे तेच भाग एव्हाना बदलून झालेले असतात, कारण ते रस्त्यात गेले आणि बदलावेच लागले.

आधी पैशांचं एक सूत्र समजून घेऊ. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. ही ५३५आय नवी असताना पन्नास लाखांच्या वर होती. तिचा मोठा भाऊ एम५, ४.४ लिटर व्ही८ आणि ५६० अश्वशक्तीचा, कोटीच्या पुढे. बीएमडब्ल्यूची जोडणी २००७ पासून चेन्नईत होते, मर्सिडीजची चाकणला, ऑडीची छत्रपती संभाजीनगरला. त्यामुळे ‘आता सगळं इथेच बनतं’ असा समज पसरलाय. जोडणी इथली असली तरी महागडे भाग बहुतेक बाहेरूनच येतात, आणि एम५ तर अख्खीच आयात व्हायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. बाकी चित्र तेच: गाडी चौदा लाखांची झाली, पण तिचा हेडलॅम्प अजून पन्नास लाखांच्याच गाडीचा आहे.

पुढे जे खर्च सांगतोय ते ढोबळ अंदाज आहेत. भाग चांगल्या कंपनीचा आणि काम माहितगार खासगी गॅरेजमध्ये, असं धरून. अधिकृत वर्कशॉपमध्ये तेच काम दीडपट ते दुप्पट जातं.

इंजिन थंड ठेवणारं प्लास्टिक

सगळ्यात आधी इथे बघायचं, कारण सगळ्यात स्वस्तात टळणारं आणि टाळलं नाही तर सगळ्यात महाग पडणारं प्रकरण हेच.

गेल्या काही दशकांत युरोपियन कंपन्यांनी वजन कमी करण्यासाठी कूलंटच्या वाटेवर धातूऐवजी प्लास्टिक आणलं. एक्स्पान्शन टाकी, थर्मोस्टॅटचं घर, पाइपांची तोंडं, कधी कधी पंपाचं पातंसुद्धा. नवं असताना हे प्लास्टिक उत्तम काम करतं. पण रोज शंभर अंशांच्या आसपास तापायचं आणि पुन्हा थंड व्हायचं, असं दहा-बारा वर्षं चाललं की त्यातला चिवटपणा जातो. अंगणात उन्हात पडलेली बादली एके दिवशी कडीला हात लावताच मोडते, तसंच. बाहेरून धड दिसतं, आणि दुसऱ्याच कामासाठी मेस्त, म्हणजे मेकॅनिक, पाइप काढायला गेला की तोंड त्याच्या हातात येतं.

बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत, ५३५आयच्या एन५५ इंजिनातही, पाण्याचा पंप बेल्टवर नाही, विजेवर चालतो. जुना बेल्टवाला पंप जाण्याआधी गळायचा, किरकिरायचा, म्हणजे सूचना द्यायचा. हा विजेचा पंप बहुधा काहीच सांगत नाही. चालता चालता बंद पडतो, पडद्यावर लाल खूण येते, गाडी ताकद कमी करते. त्यात भर म्हणजे या पिढीच्या अनेक गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटाच दिलेला नाही, त्यामुळे हळूहळू चढणारी उष्णता तुम्हाला दिसत नाही. ‘एवढं घर गाठू’ म्हणून चालवत राहिलं की ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, वाकतं. पंप, थर्मोस्टॅट, टाकी आणि ठिसूळ पाइप एकत्र बदलायला साठ ते नव्वद हजार लागतात. हेड उतरवायची वेळ आली तर दोन-तीन लाखांच्या खाली सुटका नाही, आणि त्यानंतरही ‘आता सगळं ठीक’ असं छातीठोकपणे कोणी सांगत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दहा वर्षांवरच्या पेट्रोल बीएमडब्ल्यूत पंप कधी बदलला याचं बिल नसेल, तर गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तो बदलून टाकायचा. चालू आहे की नाही, हा प्रश्नच नाही. डिझेलमध्ये पंप यांत्रिक असतो, तिथे एवढी घाई नाही.

ही गोष्ट एकट्या बीएमडब्ल्यूची नाही. जॅग्वार एक्सएफच्या सुपरचार्जर लावलेल्या व्ही८ मध्ये कूलंटचे प्लास्टिकचे पाइप इंजिनावर सुपरचार्जरच्या आसपास आणि खाली दडलेले असतात. ऑडीच्या तीन लिटर टीएफएसआय पेट्रोल इंजिनात पंप आणि थर्मोस्टॅट सुपरचार्जरखाली. भाग काही हजारांचा, तिथपर्यंत पोचायची मजुरी मात्र त्याच्या कितीतरी पट. या गाड्यांत ‘भाग केवढ्याला?’ हा अर्धाच प्रश्न असतो.

तेलाचा थेंब आणि त्याच्या मागे येणारं बिल

जुन्या जर्मन इंजिनावर तेलाचा ओलावा नसणं हेच संशयास्पद. एक तर काम झालेलं आहे किंवा विकण्याआधी इंजिन धुतलंय. व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट आणि तेलाच्या फिल्टरच्या घराचं गास्केट, ही दोन ठिकाणं ठरलेली. रबर वयाने कडक होतं, मग झिरपायला लागतं. मेस्ताला विचारलं तर तो म्हणेल, ‘थोडंसंच आहे, तेल बघत राहा.’ मारुतीत हे चाललं असतं.

इथे मात्र फिल्टरच्या घरातून झिरपलेलं तेल थेट खालच्या बेल्टवर पडतं. तेलकट बेल्ट घसरतो, पुलीवरून उतरतो, आणि या सहा सिलिंडर इंजिनांत तो पुलीमागून क्रँकशाफ्टच्या पुढच्या सीलमध्ये ओढला गेल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत. बेल्टच्या चिंध्या इंजिनाच्या आत, तेल ओढणाऱ्या जाळीत. गास्केट हजार-दोन हजारांचं, मजुरी धरून काम पंधरा-वीस हजारांचं. न केल्यास तेलाचं भांडं उतरवून सगळं साफ करणं, आणि नशीब वाईट असेल तर इंजिनच. व्हॉल्व्ह कव्हर या इंजिनात प्लास्टिकचं आहे, वाकलं की गास्केट बदलून भागत नाही, अख्खं कव्हर घ्यावं लागतं. दोन्ही कामं मिळून पन्नास-साठ हजार धरा.

टायमिंग चेनबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडवणाऱ्या साखळीबद्दल, थोडक्यात, कारण ती प्रत्येक इंजिनात वेगळी वागते. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या दोन लिटर डिझेलमध्ये, म्हणजे ५२०डी वगैरेंत, चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. २०११ पर्यंतच्या इंजिनांत ती ताणण्याच्या तक्रारी जास्त होत्या. एन२० या दोन लिटर पेट्रोलमध्ये चेनला आधार देणारे प्लास्टिकचे मार्गदर्शक तुटतात. दोन्हीकडे काम दीड ते तीन लाखांचं. थंड इंजिन सुरू करताना मागून घरघर किंवा पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर पुढच्या गप्पा तिथेच थांबवा. मर्सिडीजच्या सी६३ एएमजीतल्या ६.२ लिटर व्ही८ मध्ये सुरुवातीच्या वर्षांत हेडचे बोल्ट तुटायचे. ती गाडी बघताना इंजिनाचा क्रमांक घेऊन आधी तेवढं तपासून घ्या.

५३०डी वगैरे डिझेल घेणार असाल तर आणखी एक. एक्झॉस्टचा वायू थंड करून परत इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर गळला की कूलंट काजळीत मिसळतो आणि ते मिश्रण पेटू शकतं. यासाठी बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन आपल्या गाडीचं हे काम बाकी आहे का, हे कंपनीकडे विचारता येतं. बाकी असेल तर ते फुकट होतं, आणि या लेखात फुकट होणारी हीच एक गोष्ट आहे.

छोट्या फेऱ्या, खारी हवा आणि पाऊस

इंजिनाचं तेल पूर्ण तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पर्वरीहून पणजीला पोचायला वाहतूक नसेल तर दहा. म्हणजे गाडी रोज चालते आणि रोज अर्धीच तापते. आतली वाफ तेलातच राहते, पेट्रोलचा अंश तेलात मिसळतो, डिझेलमध्ये इनटेकला काजळीचा थर चढतो, आणि ज्यात काजळीचा फिल्टर आहे तो स्वतःला जाळून साफ करायची संधीच मिळत नसल्याने तुंबतो. कंपनीने सर्व्हिसचं अंतर कितीही मोठं छापलेलं असो, अशा वापरात वर्षाला एकदा किंवा आठ-दहा हजारांवर, जे आधी होईल तेव्हा तेल बदलायचं. पंधरा ते पंचवीस हजारांत होतं. आठवड्यातून एकदा तिला पेडण्यापर्यंत किंवा काणकोणपर्यंत नेऊन आणलं तर तेवढ्यासाठी बायकोला देण्याजोगं तांत्रिक कारण तुमच्याकडे आहे.

बॅटरीचंही तसंच. या गाड्यांत एजीएम जातीची मोठी बॅटरी असते, बहुधा डिकीत, वीस ते पस्तीस हजारांची. छोट्या फेऱ्यांत ती कधीच भरत नाही. ती कमजोर झाली की गाडी ‘बॅटरी कमजोर’ एवढंच सांगत नाही, तर गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एअरबॅग अशा पाच-सहा वेगळ्याच तक्रारी दाखवते, आणि अननुभवी माणूस त्या एकेक करून दुरुस्त करत बसतो. नवी बसवल्यावर तिची नोंद संगणकात करावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. हे न करणारा बॅटरीवाला दोन वर्षांनी परत तुमच्याकडूनच पैसे घेतो.

पाऊस हा गोव्याचा स्वतंत्र विषय. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. सनरूफच्या कडेने जाणारं पाणी चार बारीक नळ्यांतून खाली उतरतं, आणि काचेच्या खालच्या खाचेतलं पाणी वेगळ्या भोकांतून. आंब्याच्या किंवा फणसाच्या झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर ही भोकं पाल्याने तुंबतात. मग पाणी छताच्या अस्तरातून, खांबांतून गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी उतरतं, जिथे बॅटरी, फ्यूजपेट्या आणि संगणकाची मॉड्यूलं असतात. साफसफाई पाचशे-हजारांची, भिजलेलं एक मॉड्यूल कोडिंगसह चाळीस हजार ते सव्वा लाख. गाडी बघायला जाल तेव्हा गालिचा दाबून बघा, डिकीचा तळ उचला, आणि नाकावर विश्वास ठेवा. बंद गाडीत बुरशीचा वास आणि त्यावर लिंबाच्या परफ्यूमचा मारा, असं असेल तर ती गाडी भिजलेली आहे.

त्यातच उंदीर. पावसात उबदार जागा म्हणून ते बोनेटखाली येतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. एका सेन्सरची वायर जोडणं किरकोळ काम आहे, पण इंजिनाचं अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलायचं म्हटलं तर आकडा लाखाच्या पुढे जातो. कळंगुट-कांदोळीसारख्या किनाऱ्याच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत याशिवाय वायरींच्या जोडांवर हिरवट थर, ब्रेकच्या डिस्कवर गंज आणि खालच्या बोल्टांची अशी अवस्था असते की लोअर आर्म काढताना बोल्ट कापूनच काढावा लागतो. डिचोली, सांगे बाजूच्या गाड्यांना खारी हवा कमी लागते, पण लाल धूळ एअर फिल्टरचं आयुष्य निम्मं करते.

पेट्रोलबद्दलही सांगायला हवं. देशात आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. तुमच्या गाडीला किती टक्के चालतं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच जुन्या मॉडेलांची मर्यादा दहा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दमट हवेत अर्धी टाकी भरून गाडी महिना-दोन महिने उभी ठेवणं वाईट. प्रीमियम पेट्रोलचा ऑक्टेन जास्त असतो, इंजिनाला तो हवाही असतो, पण तेवढ्याने इथेनॉलचा प्रश्न सुटला असं समजू नका.

‘आयुष्यभराचं’ तेल आणि बाकीचं

५३५आय, ५३०डीमध्ये झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक बॉक्स आहे. उत्तम बॉक्स, मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. अडचण त्याच्या तेलाबद्दलच्या समजुतीत आहे. कारच्या कंपन्या हे तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणतात. बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला, असं सांगते. त्या ‘किंवा’कडे लक्ष द्या, कारण गोव्यातली गाडी नेमकी तिथेच सापडते: किलोमीटर निम्मे, वर्षं दीडपट. फिल्टर बॉक्सच्या प्लास्टिकच्या तळाशीच जोडलेला असतो, म्हणून अख्खा तळ बदलावा लागतो. पस्तीस ते साठ हजार. गिअर पडताना झटका यायला लागल्यावर हे केलं तर कधी उपयोग होतो, कधी नाही. बॉक्स उघडावा लागला तर दीड-दोन लाखांपासून पुढे.

ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, तेही पाणी शोषतं म्हणून. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१६’ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही खोल दिसो, तो बदलायचाच. बऱ्याच गाड्यांत रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात आणि स्टेपनी नसते. चार टायर ऐंशी हजार ते सव्वा लाख. कडक बाजूंचा हा टायर आपल्या खड्ड्यांत रिमला तडे देतो, आणि वेल्डिंग करून रंगवलेलं रिम नव्यासारखं दिसतं.

सस्पेन्शनचे बुश आणि आर्म साठ ते नव्वद हजारांत होतात. मर्सिडीज एस-क्लाससारख्या हवेच्या सस्पेन्शनवाल्या गाडीत रबरी फुगा झिरपतो आणि गाडी रात्रीत एका कोपऱ्यावर बसते. सकाळी कंप्रेसर तिला उचलतो, म्हणून मालक चालवत राहतो, आणि काही महिन्यांनी कंप्रेसरही जळतो. एका स्ट्रटला साठ हजार ते दीड लाख, कंप्रेसरला आणखी पन्नास हजार ते लाख. बघायला जाताना मालकाला फोन करून ‘गाडी सकाळपासून सुरू करू नका’ असं सांगावं ते यासाठीही.

आता एम५. साध्या फाइव्ह सीरिजचे बरेच आजार तिला आहेतच, वर तिचे स्वतःचे. दोन्ही टर्बो व्ही आकाराच्या मधल्या खोबणीत बसवलेले आहेत. ताकद झटकन मिळते, पण ती सगळी उष्णता इंजिनाच्या डोक्यावर साठते. व्हॉल्व्हच्या दांड्यांची सील कडक होतात आणि इंजिन तेल पिऊ लागतं, टर्बोकडे जाणारे तेलाचे आणि पाण्याचे पाइप गळतात. पुढच्या ब्रेक डिस्क ४०० मिलिमीटरच्या. चारही डिस्क आणि पॅड मिळून अडीच ते चार लाख. मागचे टायर २९५ रुंदीचे. तिच्या आधीची ई६० एम५, पाच लिटरच्या व्ही१० ची, ५०७ अश्वशक्तीची, ८,२५० फेऱ्यांपर्यंत ओरडणारी, तिच्यात तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग ठरावीक काळाने आधीच बदलणं हा नियमित देखभालीचाच भाग मानला जातो. या दोघींवर ज्याचा जीव आहे त्याला मी अडवणार नाही. फक्त दुसरी रोजची गाडी दारात असू द्या, आणि एम५ च्या वाट्याला वर्षाला तीन-चार लाख बाजूला काढायची तयारी ठेवा.

कुठे दुरुस्त करायची, आणि हिशेब

गोव्यात चांगले मेस्त आहेत, पण प्रत्येक बोनेटखाली हात घालणारा मेस्त तुमच्या उपयोगाचा नाही. त्याच्याकडे कंपनीचा स्कॅनर आहे का, म्हणजे बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री, आणि त्यावरची तक्रार वाचून तो भाग बदलतो की आधी वायर तपासतो, एवढं विचारा. इंजिन उघडायची किंवा गिअरबॉक्सची कामं पुणे, मुंबई किंवा बंगळूरला न्यावी लागू शकतात. तिकडे जायचं तर गाडी फ्लॅटबेडवर चढवून, चाकांवर ओढत नाही. वाहतुकीचे वीस-तीस हजार आणि महिनाभराचा खोळंबा हिशेबात धरा.

पैसे वाचवायची प्रामाणिक वाट एक आहे. कंपनीच्या खोक्यातला भाग बनवणारी मूळ कंपनी वेगळीच असते: आर्म लेम्फर्डरचे, शॉक झाक्सचे, पंप पिअरबुर्ग किंवा कॉन्टिनेंटलचा, गिअरबॉक्सचा तळ झेडएफचा. त्यांच्या नावाच्या खोक्यात तोच भाग बराच स्वस्त मिळतो. नकली माल भरपूर असल्याने बिल देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यायचा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उतरवलेले भाग मिळतात. हेडलॅम्प, दारं, सीट यांसाठी ठीक. ब्रेक, एअरबॅग, पंप तिथून आणू नयेत. आणि मॉड्यूल मूळ गाडीच्या चेसिस नंबरला बांधलेलं असतं, ते तुमच्या गाडीत बोलेलच असं नाही.

घेण्याआधी पाच-दहा हजार देऊन गाडी जॅकवर घ्या आणि पूर्ण स्कॅन करा. सगळ्या मॉड्यूलांच्या तक्रारी सकाळीच पुसलेल्या असतील तर तेही स्कॅनरवर कळतं. मग मालकाकडे बिलं मागा. ‘सगळी सर्व्हिस वेळेवर’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तेल आणि फिल्टर वेळेवर’ एवढाच असतो.

आपल्या जाहिरातीतल्या ५३५आयचा पहिल्या दोन वर्षांचा हिशेब असा होतो: कूलिंग ८० हजार, तेलाची गळती ५० हजार, गिअरबॉक्सचं तेल ५० हजार, आर्म आणि बुश ९० हजार, टायर १ लाख, बॅटरी ३० हजार, ब्रेक ९० हजार. एकूण ४ लाख ९० हजार. यात काहीही बिघडलेलं नाही, हे लक्षात घ्या. हे फक्त वय झालेले भाग बदलणं आहे. म्हणजे गाडी चौदा लाखांची नाही, एकोणीस लाखांची. त्याऐवजी ७५ हजार किलोमीटरची, यातल्या पाच कामांची बिलं असलेली गाडी पंधरा लाखांना मिळत असेल, तर मी डोळे मिटून ती घेईन, आणि ओळखीचे निम्मे लोक मला मूर्ख म्हणतील.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेलचा मोह अनेकांना होतो. २०१५ पासून तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर टाच आली आणि त्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. त्या किनाऱ्याच्या हवेत राहिलेल्या नसतात, हा त्यांचा फायदा. पण बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी गोव्यात ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी, एनओसी आणि रोड टॅक्स आला. नोंदणीची पंधरा वर्षं संपली की दर पाच वर्षांनी फिटनेससह नूतनीकरण, आणि अख्खी आयात झालेल्या गाडीला त्याचं शुल्क इथे जोडलेल्या गाडीच्या कित्येक पट असतं. एम५ च्या इच्छुकांनी हे आधीच विचारून ठेवावं.

राहिला विमा. दहा वर्षांवरच्या गाडीत धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, प्लास्टिक-रबरावरही ५० टक्के, आणि घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत. पाण्यात इंजिन बंद पडून आत पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत तो खर्च येत नाही. त्यासाठीचं इंजिन कव्हरही या वयात मिळणं कठीण, म्हणून पावसात साचलेल्या पाण्यात ही गाडी घालायचीच नाही. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. दोन हेडलॅम्प, बोनेट, रेडिएटर आणि दोन एअरबॅग मिळून सहा-सात लाख सहज होतात. आयडीव्ही आठ लाख असेल तर म्हापशाच्या चौकात पुढून बसलेल्या एका मध्यम धक्क्यात चालती गाडी कागदावर संपते. प्रीमियम दोन-तीन हजारांनी कमी दिसावा म्हणून एजंट नूतनीकरणाच्या वेळी हा आयडीव्हीचा आकडा खाली आणतात. पॉलिसीवर सही करण्याआधी तो वाचा आणि नियमांत बसेल तेवढा वर ठेवायला सांगा.